ओठांच्या दाराशी पहारा

४ फेब्रुवारी, मंगळवार

रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब जिभेवर बोलले. शेवटी म्हणाले, ज्यांना वाटतं की आपली जीभ आपलं ऐकत नाही, त्यांनी मनातल्या मनात हात वर करावा. मी खराखुरा वर केला. मला मनातल्या मनात काही करता येत नाही, हेच तर दुखणं आहे. पुढच्या बाकावरच्या दोघी वळून हसल्या. शेजारी ताई बसल्या होत्या, त्या मात्र सरळ समोर बघत राहिल्या.

तर नेम असा केलाय: जो माणूस समोर नाही त्याच्याबद्दल बोलायचं नाही. वाईट नाही आणि चांगलंही नाही, कारण माझं चांगलं बोलणं दोन वाक्यांत 'पण'वर येऊन ठेपतं.

दुरुस्तीचं शिवणकाम करणाऱ्या बाईने असा नेम करणं म्हणजे मासळीवालीने वास वर्ज्य करणं. पुढच्या खोलीत आरसा आहे, त्याच्यासमोर माणूस अंग चोरून उभा राहतो आणि बोलायला लागतो. कोटाची बाही आखूड करायला आलेला बाहीबरोबर सगळा संसार दाखवून जातो. कुणाची कंबर सुटली, कुणाची उतरली, कुणाला घाईने काळा पोशाख बेतून हवाय, मला सगळं कळतं. आणि कळलं की पोटात राहत नाही. तोंडात टाचण्या धरलेल्या असतात तेवढा वेळच मी भली बाई असते.

स्तोत्रातली विनवणी कागदावर ठळक लिहून मशीनच्या वर भिंतीला डकवली: माझ्या तोंडावर पहारा बसव, माझ्या ओठांच्या दाराशी राखण कर. ताईंना विचारलं, कसं आलंय? त्या म्हणाल्या, "छान." शुद्धलेखनाची एकही चूक काढली नाही. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेली बाई, आणि नुसतं छान. वयाने मवाळ झाल्या असतील.

ताई म्हणजे माझ्या नणंदबाई. त्यांनी लग्न केलं नाही. आमचे हे गेल्यावर आम्ही दोघी एका घरात राहायला लागलो, तेव्हा लोक म्हणाले, सहा महिन्यांत भांडून वेगळ्या होतील. भांडलो पुष्कळ, वेगळ्या झालो नाही. चर्चमध्ये दर रविवारचा बायबलमधला शास्त्रपाठ ताईच वाचतात. ही वही त्यांनीच दिली. म्हणाल्या, "लोकांना सांगायचं नाही म्हणतेस ना, मग इथे सांग. नाहीतर फुटशील."


६ फेब्रुवारी, गुरुवार

नेम मोडला की नाही, हेच ठरवता येत नाहीये.

आज महिलांची प्रार्थना सभा होती. आमच्या सभेत कुणी कुणाबद्दल बोलत नाही. विनंती मांडतात. बेकरीवाल्या बाईंनी विनंती मांडली की त्यांच्या धाकट्या जावेला सुबुद्धी मिळावी, आणि ती नेमकी कुठल्या बाबतीत मिळावी हे देवाला नीट कळावं म्हणून सगळं सविस्तर सांगितलं. देव काय, आम्हा सगळ्यांनाच नीट कळलं.

मग अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. "तुमचं काही?" नेम फक्त बोलण्याचा आहे, प्रार्थनेचा नाही, असं मी मनाला पटवलं. म्हटलं, माझ्या नणंदबाईंसाठी प्रार्थना करा. हल्ली त्यांचा स्वभाव फार बदललाय. रस्त्यात कुणाला ओळख दाखवत नाहीत. माणसाशी बोलताना मान वळवून तिरकं बघतात, जणू समोरच्याची काही किंमतच नाही. रोज सकाळी माझ्या सुया ओवून ठेवायच्या, ते बंद केलं. का म्हणून विचारलं तर, "तुझं काम तू कर." एवढ्यात दोन कप फोडले आणि वर म्हणतात, टेबल होतं त्यापेक्षा आखूड झालंय.

सगळ्यांनी डोळे मिटून आणि कान उघडे ठेवून ऐकलं. मग अध्यक्षबाईंनी सुंदर प्रार्थना केली. मला अगदी हलकं वाटलं. घरी येताना मात्र वाटलं, हे हलकं वाटणं माझ्या ओळखीचं आहे. बोलून मोकळं झाल्यावर वाटतं तेच हे.


१० फेब्रुवारी, सोमवार

नेमाचा एक परिणाम कुणी आधी सांगितला नव्हता. संध्याकाळी चहाच्या वेळी आम्हा दोघींकडे बोलायला काही उरलेलं नाही. इतकी वर्षं मी दिवसभराचं आणायचे आणि ताई त्यात दुरुस्त्या करायच्या. "ती मोठी नाही, मधली बहीण." "तो नोकरी सोडून गेला नाही, काढला त्याला." आता दोघी चहा पितो आणि घड्याळ ऐकतो.

आज शेवटी ताईच म्हणाल्या, "रविवारचा पाठ वाचून दाखव."

हे त्यांनी गेल्या काही महिन्यांपासून काढलंय. पुढच्या रविवारी त्यांना चर्चमध्ये जो भाग वाचायचा असतो, तो आठवडाभर रोज संध्याकाळी माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतात. म्हणतात, तुझे उच्चार सुधारतील. मी समजून आहे. माझ्या उच्चारांचं निमित्त आहे, सुधारायचं मला आहे.

आणि या रविवारचा भाग म्हणजे याकोबाच्या पत्रातला तिसरा अध्याय. पाळकसाहेबांनी जिभेचा विषय पुढे चालवायचं ठरवलेलं दिसतंय. घोड्याच्या तोंडातला लगाम, एवढ्याशा सुकाणूने वळणारं मोठं जहाज, ठिणगीने पेटणारं रान. वाचता वाचता मी घामाघूम. त्यात एक वाक्य येतं, की याच जिभेने आपण देवाची स्तुती करतो आणि याच जिभेने त्याच्या प्रतिमेच्या माणसांना शाप देतो. ते मी गिळलं. सरळ पुढच्या वाक्यावर उडी मारली. गुरुवारची सभा डोळ्यांसमोर आली, काय करू?

ताईंच्या लक्षात आलं नाही. ज्या बाईच्या नजरेतून स्वल्पविराम निसटत नव्हता तिला अख्खं वाक्य गेलेलं कळलं नाही. शास्त्र त्यांच्या मांडीवरही उघडं होतं, पण त्या खिडकीकडे बघत ऐकत होत्या.


११ फेब्रुवारी, मंगळवार

आज अध्यक्षबाईंनी ताईंना दुकानासमोर गाठलं आणि त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, "आम्ही सगळ्याजणी तुमच्या रागासाठी प्रार्थना करतोय."

ताई घरी आल्या, चपला काढल्या, पिशवी जागेवर ठेवली आणि मग मला हे सांगितलं. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "माझ्याबद्दल देवाशी बोलायचं असेल तर घरी बोलत जा. त्याला इथूनही ऐकू येतं."

मी म्हटलं, "ताई, मी काळजीपोटी बोलले."

"माहीत आहे. तू नेहमी काळजीपोटीच बोलतेस."

थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "तुला एक सांगायचं होतं." मी मशीन थांबवलं, वळले, अगदी पूर्ण वळले. त्यांनी माझ्याकडे त्यांच्या त्या तिरक्या नजरेने पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू दे. पुढे बघू."

काय सांगायचं होतं? दिवसभर डोक्यात तेच. माझ्यावर चिडल्या असणार, वेगळं राहायचं असणार. आणि तसं असेल तर त्याला कारण मीच. फार वाईट वाटतंय. इतकी वर्षं मला वाटत होतं की लोक माझ्याशी मोकळेपणाने बोलतात. ताई बोलत नाहीत. आणि मला सगळ्यांपेक्षा त्यांनीच बोलायला हवंय.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

सभेला गेले. विनंती मांडली नाही. अध्यक्षबाईंनी दोनदा विचारलं. म्हटलं, माझ्यासाठीच करा. का म्हणून विचारलं तर म्हटलं, देवाला माहीत आहे. सगळ्यांचा विरस झाला.

घरी येईपर्यंत जीभ आतल्या आत वळवळत होती.


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक गिऱ्हाईक आलं. त्या कोण, काय शिवायला टाकलं, ते लिहीत नाही. त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना दोन टाचण्या तोंडातून गळून पडल्या. त्या गेल्यावर मी उठले, टेलिफोनपाशी गेले, परत आले, भिंतीवरचा कागद वाचला, पुन्हा उठले. शेवटी एका जुन्या पँटची शिवण उसवायला घेतली आणि उसवता उसवता कागदावरचं तेच तेच म्हणत राहिले. पँट पूर्ण उसवली गेली. गिऱ्हाइकाला फक्त खालची घडी सोडून हवी होती.

पाठाचं वाचन रोज चाललंय. ते वाक्य रोज गिळतेय. उद्या वाचीन म्हणते आणि त्या ठिकाणी आलं की जीभ आपोआप उडी मारते.


१६ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते.

आज बाहेरून पाहुणे उपदेशक आले होते, म्हणून पाळकसाहेबांनी ऐनवेळी शास्त्रपाठ बदलला. दारात मिळालेल्या पत्रकात छापलं होतं: उपकारस्तुतीचं स्तोत्र. मी पत्रक वाचलं नाही, पुढच्या बाईच्या कोटाची मागची शिवण बघत होते. वाचनाच्या मेजावर पाळकसाहेबांनी ताईंसाठी वेगळी चिठ्ठीही ठेवली होती. पांढऱ्या कागदावर मोठी काळी अक्षरं. मला तिसऱ्या बाकावरून दिसत होती.

ताई उठल्या, पुढे गेल्या, शास्त्र उघडलं. सगळ्यांनी स्तोत्र काढलं. आणि ताईंनी सुरुवात केली ती लगाम आणि जहाजापासून.

आधी पानांची सळसळ झाली. मग ती थांबली. मग महिला मंडळाच्या बाकावरचे खांदे एकेक करून ताठ झाले. ताई वाचत होत्या, स्वच्छ आवाजात, प्रत्येक शब्द वेगळा. जिभेला कुणी माणसाळवू शकत नाही, तिच्यात विष भरलंय, इथपर्यंत आल्या. आता ते वाक्य येणार होतं.

ते आलं नाही. ताईंनी उडी मारली. मी जिथून जिथे मारते, बरोबर तिथून तिथे.

मला आधी कळेना. मग मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्या पुस्तकाकडे बघतच नव्हत्या, खिडकीकडे बघत होत्या. त्यांच्या तोंडून माझं वाचन येत होतं, माझ्या चुकीसकट. पाठ संपवून वळताना बाहीच्या वाऱ्याने ती चिठ्ठी खाली पडली आणि ताई तिच्यावर पाय देऊन जागेवर आल्या.

माझ्या शेजारी बसून त्यांनी हळूच विचारलं, "बरं झालं ना?" मी म्हटलं, "फार छान."


१७ फेब्रुवारी, सोमवार

ताईंना दिसत नाही.

अगदीच दिसत नाही असं नाही. चालतात, चहा करतात, पायरी ओलांडतात. पण वाचता येत नाही. चेहरे कळत नाहीत. सुया, कप, रस्त्यात न ओळखणं, तिरकी नजर, माझ्या कागदावरचं ते नुसतं 'छान'. सगळं समोर होतं. मी ते वेचून वेचून गोळा केलं आणि सभेत नेऊन राग म्हणून मांडलं. आणि रोज संध्याकाळचं वाचन माझ्या सुधारणेसाठी नव्हतंच. त्या पाठ करत होत्या. रविवारचा पाठ हातातून जाऊ नये म्हणून माझ्या आवाजावर विसंबल्या होत्या, आणि मी त्यातलं वाक्य गिळत होते.

मशीनवर डोकं ठेवून रडले. ताई आत झोपल्या होत्या, म्हणून आवाज केला नाही.

हे कळल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला, तो प्रामाणिकपणे लिहिते. पहिला विचार आला, हे कुणाला सांगू? रडू त्याच्यानंतर आलं.


२० फेब्रुवारी, गुरुवार

सभेत आज विनंत्या झाल्याच नाहीत, सरळ बोलणं झालं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "रविवारचा प्रकार मुद्दाम होता. पत्रकात स्तोत्र, चिठ्ठीत स्तोत्र, आणि यांनी आमच्याकडे तोंड करून जिभेचा अध्याय वाचला. आम्ही प्रार्थना केली त्याचा हा सूड."

ऑर्गन वाजवणाऱ्या बाई म्हणाल्या, "पाळकांना सांगायलाच हवं. देवाच्या वचनाने कुणी दगड मारायचे नसतात."

बेकरीवाल्या बाई मला म्हणाल्या, "तुम्ही एका घरात राहता. तुम्हीच सांगा, हे काय आहे?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्याकडे एक वाक्य होतं. ते बोलले असते तर तिथल्या तिथे सगळ्यांचे चेहरे उतरले असते, दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, ताई त्याच मिनिटाला निर्दोष ठरल्या असत्या. आणि हो, मी केंद्रस्थानी असते. हेही लिहिलं पाहिजे. त्या वाक्याची चव माझ्या जिभेवर आली होती, आणि ती गोड होती. तिच्यात ताईंचं भलं किती आणि माझी हौस किती, हे मला वेगळं काढता येईना. म्हणूनच मी घाबरले.

मनातल्या मनात म्हटलं, दाराशी राखण कर, आत्ता, याच क्षणी. मग म्हटलं, "ताईंच्या मनात सूड नव्हता, एवढं मी शपथेवर सांगते. बाकीचं त्यांना विचारा."

"त्यांना काय विचारायचं? त्या ओळख तरी देतात का?"

अध्यक्षबाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीही त्यांच्याच बाजूच्या." मी म्हटलं, हो. सभा संपल्यावर त्यांनी दुरुस्तीला टाकलेला कोट परत मागितला. अजून अस्तर लावायचं होतं, तसाच दिला.


२२ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस जिवाला चैन नाही. नेम पाळतेय की नुसती मूग गिळून बसलेय? प्रभू आरोप करणाऱ्यांपुढे तोंड उघडत नाही, पण तो स्वतःवरचे आरोप सोसत होता. मी दुसऱ्यावरचे ऐकून गप्प आहे. यात कसलं पुण्य?

दुपारी पाळकसाहेबांकडे गेले. ते शिडीवर चढून दिवा बदलत होते. खालून म्हटलं, "मला एक गोष्ट ठाऊक आहे आणि ती मी सांगणार नाही, हे सांगायला आलेय."

ते शिडीवरच थांबले. "ती गोष्ट तुमची आहे का?"

"नाही."

"जिची आहे तिला ठाऊक आहे का, की तुम्हाला कळलंय?"

"नाही."

"सांगितली नाही तर कुणाच्या जिवाला धोका?"

विचार केला. "जिवाला नाही. मानाला आहे."

"मग ज्यांचा मान आहे त्यांनाच ठरवू द्या," ते म्हणाले, आणि हात खाली करून, "तो जुना दिवा वर द्या. नाही, नवा. तुमच्या हातात आहे तो." मी दिवा दिला. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. खरं तर त्यांनी थोडा आग्रह केला असता तर मी सांगून टाकलं असतं.

निघताना म्हणाले की उद्या ताईंना जरा विश्रांती द्यावी असं चर्चच्या वडील मंडळींचं मत पडलंय. शब्द विश्रांती हाच होता.


२३ फेब्रुवारी, रविवार

आज पाठ अध्यक्षबाईंनी वाचला. कसा वाचला ते लिहीत नाही. त्या समोर नाहीत.

ताई माझ्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. आठवडाभर मी त्यांना हाच पाठ वाचून दाखवला होता, एकही शब्द न गाळता. अध्यक्षबाई वाचत होत्या आणि ताईंचे ओठ त्यांच्याही एक शब्द पुढे हलत होते.


२६ फेब्रुवारी, बुधवार

सांगायचं नाही म्हणजे काहीच करायचं नाही असं थोडंच आहे? स्वयंपाकघरातला दिवा बदलून जास्त उजेडाचा आणला. कपांच्या जागेला हात लावत नाही. रविवारचं पत्रक आलं की मी आपली, "बघू काय छापलंय," म्हणत पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचते, छापणाऱ्याच्या नावासकट. ताई मध्येच म्हणाल्या, "तिथे पूर्णविराम हवा." मला इतका आनंद झाला की काय सांगू.

आणि रस्त्यात दोघी बरोबर असलो की समोरून येणाऱ्याला मीच आधी हाक मारते. "अहो बेकरीवाल्या बाई, कशा आहात?" "या या, ऑर्गनवाल्या बाई!" मग ताई त्या दिशेला बघून मान हलवतात, दोन शब्द बोलतात. बेकरीवाल्या बाई आज चक्क थांबल्या, ताईंशी हवापाण्याचं बोलल्या. जाताना माझ्याकडे मात्र विचित्र नजरेने बघून गेल्या. मला कमी ऐकू येतं, म्हणून मी ओरडते, असं त्यांना वाटत असावं. वाटू दे.

ताई घरी आल्यावर म्हणाल्या, "तू हल्ली फार मोठ्याने बोलतेस."

म्हटलं, "सवय झाली मशीनच्या आवाजात."

मग हे खोटं झालं का, याचा विचार करत बसले. अर्धं झालं. अर्ध्याबद्दल क्षमा मागितली.


१ मार्च, शनिवार

आज संध्याकाळी चहा झाला. मी शास्त्र काढायला उठले तर ताई म्हणाल्या, "आज राहू दे. बस."

मी बसले. त्यांनी कप बशीत ठेवला, आधी बोटाने बशीची कड चाचपून. मग म्हणाल्या, "मला दिसेनासं झालंय."

मी माझा कप खाली ठेवला.

"डोळ्यांच्या मधोमध गेलंय. कडेने दिसतं. भिंत दिसते, दार दिसतं, चालणारं माणूस दिसतं. नेमकं जे बघायला जावं तेच दिसत नाही. अक्षर नाही. माणसाचं तोंड नाही." मग म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, गेलं ते परत यायचं नाही. आहे ते टिकवायला बघू."

त्याच पुढे बोलत राहिल्या, "तू चिडली असशील, म्हणशील, इतके महिने एका घरात राहून सांगितलं नाही. पण मी काय केलं असतं? जन्मभर अक्षरांवर जगले. ती गेली म्हटल्यावर माझ्याकडे एवढा रविवारचा पाठ उरला होता. कळलं असतं तर लोकांनी तो प्रेमाने काढून घेतला असता. आता रागाने घेतला, तेवढाच फरक. आणि तुला सांगावं म्हणून दोनदा तोंड उघडलं, आणि मिटलं."

का मिटलं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दोघींनाही ठाऊक होतं.

मग त्यांनी माझ्याकडे तोंड केलं, सरळ, तिरकं नाही. सरळ बघितलं की माणूस दिसत नाही, तरी सरळ बघितलं. म्हणाल्या, "अजून कुणाला बोलले नाही. पाळकांनाही नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतेय."

'मला माहीत होतं' हे तीन शब्द माझ्या ओठांवर येऊन उभे राहिले. अगदी मायेने आले होते. त्यांना धीर द्यायला, त्यांचं ओझं हलकं करायला, मी किती दिवस गप्प राहिले ते त्यांना कळावं म्हणून. सभेत सगळ्या अंगावर आल्या तेव्हासुद्धा गप्प बसणं इतकं जड गेलं नव्हतं. तिथे माझ्या अंगात जिद्द होती. इथे समोर ताई होत्या, आणि आपलं शहाणपण त्यांना कळावं एवढीशीच माझी इच्छा होती.

मी ते तीन शब्द गिळले. त्यांनी विचारलं असतं, तुला कळलं होतं का, तर मी खोटं बोलले नसते. त्यांनी विचारलं नाही. बराच वेळ माझ्याकडे तोंड करून बसल्या आणि विचारलं नाही.

मग मी त्यांचा हात हातात घेतला आणि दोघी थोड्या रडलो. ताईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पाळकांना आणि मंडळीला कळवायला हवं. तूच सांग. तुला बोलता येतं."

"तुम्ही सांगा," मी म्हटलं. "मी शेजारी उभी राहते."

त्या हो म्हणाल्या. उद्या उपासनेनंतर सांगायचं ठरलंय. त्या आता आत आवरत आहेत, मी इथे लिहितेय. आजवर मी लोकांच्या शेकडो गोष्टी सगळ्यांच्या आधी काढून घेतल्या. पण कुणी आपण होऊन, मला निवडून, पहिल्यांदा मला काही सांगितलं, असं आज घडलं. आणि मी ते त्यांना सांगू दिलं.